पंख्याचा सूर आणि चपलेचे पट्टे

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शांतता अशी कधी नव्हतीच. समोर पिठाची गिरणी होती. ती सकाळी आठला सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांना टेकून किणकिणायला लागायचे. गल्लीच्या तोंडाशी स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देणारा बसायचा. लग्नसराईत त्याचं यंत्र दिवसभर कर्र कर्र करत कुणाच्या तरी मुलीचं नाव परातीवर कोरत असायचं. घरात आईचं उखळ होतं. शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये केली तर तिला तेल सुटत नाही असं आईचं मत होतं, आणि हे मत ती रोज दुपारी उखळात घालून कुटायची. बाबा एका शाळेत क्लार्क होते. दिवसभर ऑफिसात गप्प बसून यायचे म्हणून की काय, संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, अगदी टेंडर नोटिसांसकट. या सगळ्यात एक जुना कॉम्प्युटर थोडंसं घूंऽऽ करत बसला तर कुणाला कळणार, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं. भिंतीपलीकडे वळसंगकर बुवा राहतात हे मी विसरले होते.

बुवा आमचे घरमालक. चार खोल्यांतल्या दोन त्यांनी आम्हाला भाड्यानं दिल्या होत्या आणि उरलेल्या दोनात ते, त्यांचे दोन तानपुरे आणि त्यांचा गाण्याचा क्लास राहायचा. काकू गेल्यापासून ते एकटेच होते. सकाळ-संध्याकाळ पलीकडून सा यायचा, कधी एका गळ्याचा, कधी सात-आठ गळ्यांचा. सात-आठ असले की त्यातला एक तरी वेगळ्याच गावाला निघालेला असायचा. बुवांच्या कानाची पेठेत ख्याती होती. आमच्याकडे कळशी पडली तरी भिंतीपलीकडून हाक यायची, "कोमल गंधार!" एकदा आईच्या हातून परात पडली आणि तिकडून काहीच आलं नाही, तेव्हा आईला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं. "आमच्या परातीला सूरच न्हाय का काय?" असं ती दिवसभर पुटपुटत होती. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, तिथल्या बोलीत अर्धं कानडी मिसळलेलं. राग आला की मराठी मागं पडायची आणि कानडी पुढं यायची.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सपाटून आपटले होते. त्याच सुमाराला बाबांच्या शाळेनं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने काढून टाकले; त्यातला एक बाबांनी आणला. आणला खरा, पण आणल्या दिवसापासून त्याला ते "डबा" म्हणायचे. मी त्यावर मराठी टायपिंग शिकले आणि लग्नपत्रिका, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, भिशीच्या बायकांच्या याद्या असं काय काय करून द्यायला लागले. बाबांनी वर्षाची मुदत दिली होती. वर्षभर तुझी टकटक चालू दे, पुढं बघू, आणि पुढं बघू म्हणजे डी.एड. नाहीतर स्थळं, हे त्यांनी न बोलता सांगितलं होतं. मला दोन्ही नको होतं. कॉलेजात नापास झालेल्या मुलीला गल्लीत कोण विचारतं? पण दुपारी चार माणसं पायऱ्यांवर चपला काढून "नंदाताई हायत का?" असं विचारत यायची, तेव्हा मी भिंतीला टेकून ते ऐकायचे, दुसऱ्यांदा विचारलं की मगच ओ द्यायचे. तो डबा गेला असता तर मी पुन्हा नुसती नापास मुलगी झाले असते.

तो ठेवायला घरात एकच जागा होती. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत कडप्प्याची एक जाड फरशी बसवलेली होती, वरती लाइटचं बटण, खाली आईचे धान्याचे डबे. तिथं तो बसला. दसऱ्याला आईनं त्याला हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घातला आणि सीडीच्या झाकणावर स्वस्तिक काढलं. चौथ्या दिवशी बुवा दारात उभे राहिले. ते कधी आवाज चढवून बोलायचे नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची.

"नंदा, तुमच्या यंत्राचा सूर काळी एकच्या किंचित वर आहे," ते म्हणाले. काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. क्लासातल्या बहुतेक पुरुषमंडळींचा सा तिथंच असायचा. "वर असेल तर चांगला वर जाऊ दे. खाली असेल तर खाली बसू दे. हा मधेच लोंबकळतोय की."

मी ताबडतोब माफी मागितली आणि सूर कसा हलवायचा ते मला ठाऊक नव्हतं म्हणून काहीही केलं नाही. बुवाही दर आठवड्याला येऊन तेच सांगत राहिले. असे सहा महिने निघाले. मग मे उजाडला, आणि परीक्षा आली.

त्या वर्षी पहिल्यांदाच गाण्याची मोठी परीक्षा बुवांच्या क्लासात व्हायची होती. परगावचे परीक्षक येणार होते. बुवांचे सगळ्यात थोरले विद्यार्थी म्हणजे हत्तुरेअण्णा, एका बँकेत कॅशिअर, वय अठ्ठेचाळीस, परीक्षेला तिसऱ्यांदा बसणारे. देवमाणूस. क्लासाच्या आधी आमच्या पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "ह्या बारीला जर गेलो न्हाय, तर नातवंडांनी पेटी फोडून चुलीत घातली तरी चालंल." दोन्ही वेळा परीक्षकासमोर त्यांचा घसा बंद पडला होता. त्यांच्यासाठी बुवा महिनाभर रोज दुपारी जादा रियाज घेणार होते.

"परीक्षेपर्यंत बंद ठेव," बुवा मला म्हणाले.

"बुवा, महिनाभर? लग्नसराई आहे. माझी सगळी गिऱ्हाईकं चौकातल्या दुकानात जातील."

बुवा दुष्ट नव्हते, पण त्यांच्या दृष्टीनं हत्तुरेअण्णांचा भीमपलास माझ्या पत्रिकांहून मोठा होता, आणि आज मला त्यात काही चूक दिसत नाही. "मग चालू ठेवून गप्प कर," ते म्हणाले. "परीक्षेच्या दिवशी मला तो ऐकू येता कामा नये. आला, तर एक तर तो जाईल नाहीतर तुम्ही खोल्या बघा."

बाबांनी हे ऐकलं आणि जेवताना एकच वाक्य बोलले. "एका डब्यासाठी मी घर सोडणार न्हाय हं." आईनं माझ्या ताटात न मागता भाकरीचा अजून एक कडक तुकडा टाकला. आमच्याकडे सहानुभूती अशीच वाढली जायची.

तरी पहिला उपाय बाबांनीच केला. सोलापुरातल्या माणसाला कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. आमच्या फ्रीजवर चादर होती, टीव्हीवर चादर होती, शिलाई मशीनवर दोन होत्या. बाबांनी ट्रंकेतून मोराची नक्षी असलेली जाड चादर काढली, कॉम्प्युटरला थंडी वाजत असल्यासारखी चारी बाजूंनी लपेटली आणि वरून थोपटली. आवाज खरंच कमी झाला. बाबा लगेच "बघ" म्हणाले. बाहेर त्रेचाळीस डिग्री असेल. अर्ध्या तासात, मी एका पत्रिकेत मुलीकडच्या सगळ्या काकांची नावं घालून संपवत आले असताना, पडदा काळा झाला. मुलीचे वडील शेजारी खाटेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "झोप लागली त्याला." अकरा काका पुन्हा टाइप करावे लागले, आणि त्यातल्या एकाचं नाव दुसऱ्या वेळी राहिलं ते कायमचंच, त्यावरून त्या घरात रुसवेफुगवे झाल्याचं नंतर कानावर आलं.

दुसरा उपाय आईचा. तिनं जुन्या लुगड्याच्या चार चुंबळी वळल्या. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात तशा, पण छोट्या. त्या कॉम्प्युटरच्या चार कोपऱ्यांखाली ठेवल्या. मी सीडीचं झाकण दाबलं की अख्खा डबा मागं कलायचा आणि मग सावकाश पुढं येऊन मला नमस्कार करायचा. आवाज थोडा उतरला. मी आशेनं भिंतीला कान लावला. पलीकडून बुवा म्हणाले, "सूर तोच आहे. नुसती मान खाली घातलीय त्यानं."

तिसरा उपाय माझा, आणि त्याच्याबद्दल मी कमीत कमी बोलते. पाठीमागच्या पत्र्याला जो पंखा बसवलेला होता त्याचे स्क्रू काढून मी तो आईच्या परकरातल्या लास्टिकनं मधोमध टांगला. कल्पना चांगली होती. सुरू केल्यावर पंखा दोन मिनिटं हवेत नाचला, मग त्यानं लास्टिकचं एक टोक पात्यात ओढून घेतलं आणि फाट् असा आवाज झाला. भिंतीपलीकडचा सा मधेच तुटला. आईनं परकर उचलून बघितला आणि "साकू गं बाई, साकू," म्हणाली. साकू म्हणजे पुरे.

तीन आठवडे असेच गेले. रोज दुपारी हत्तुरेअण्णा पलीकडे भिंतीला पाठ लावून बसायचे आणि गायचे, आणि मी अलीकडे बसून मनातल्या मनात माझं सामान बांधायचे. हे आता लिहिताना हसू येतं. आज माझ्या टेबलावर जो लॅपटॉप आहे त्याला पंखाच नाही. तो चालू आहे का मेलाय हे मला हात लावून बघावं लागतं, आणि माझी मुलगी म्हणते की आई लॅपटॉपचा ताप बघते. पण तेव्हा मी खरंच घाबरले होते. एका संध्याकाळी डी.एड.चा फॉर्म बाबांच्या पिशवीतून डोकावताना दिसला होता.

शेवटी मी समोरच्या व्यंकटेशमामांना बोलावलं. ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी त्यांचं स्वतःचं मराठी. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. आवाजाची तक्रार घेऊन मी गल्लीतल्या एकमेव बहिऱ्या माणसाकडे गेले, यावरून बाबांनी माझी पोटभर थट्टा केली. मामांनी कॉम्प्युटरचा आवाज ऐकण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि पंजा आधी पंख्यावर, मग पत्र्यावर, मग कडप्प्यावर, मग भिंतीवर ठेवला. डॉक्टर पोट तपासतात तसा.

"पंखा वरडत न्हाय पोरी," ते अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यो नुसता थरथरतोय. वरडतोय ह्यो पत्रा. अन् ही फरशी ते समदं भितीत नेऊन घालतीय. आमच्या मागाचं बी असंच की. माग जमिनीला शिवला की बिल्डिंग बोंबलती. म्हणून पायाखाली टायरचं तुकडं घालतोय आमी."

"म्हणजे काय करू मामा?"

"पंख्याला पत्र्याची भेटच व्हायला नको. मधी रबर पायजे. स्क्रू बी नको, स्क्रूतून बी जाती थरथर. रबराचाच खिळा पायजे. वर डोस्कं, मधी बारीक मान, असा."

वर डोकं, मध्ये बारीक मान. मी खाली बघितलं. मामांच्या पायात निळ्या पट्ट्यांची हवाई चप्पल होती. पट्ट्याचं टोक तळव्याच्या भोकातून ओढून घेतलेलं असतं, खाली त्याचं बटण अडकून बसतं, आणि माणूस वर्षानुवर्षं चालत राहतो. मला इतका आनंद झाला की मी मामांच्या पायाशी बसले. त्यांना वाटलं मी नमस्कार करते आहे. त्यांनी आशीर्वाद दिला.

नुसते पट्टे बाजारात वेगळे मिळायचे. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच एक जोड आणला आणि दाराशी खुंटीला अडकवून ब्लेड शोधायला आत गेले. आईनं खुंटीकडे बघितलं.

"हे कशाला?"

मी सांगितलं.

"बेड!" आई म्हणाली. कानडीत नको म्हणायची वेळ आली होती. "दसऱ्याला पूजा केलेली हाय त्याची. सरस्वतीच्या पोटात चप्पल घालतीस व्हय?"

"चप्पल कुठं आहे आई? नुसते पट्टे आहेत. तळवाच नाही."

"तळवा न्हाय म्हणून काय झालं? जायाचंय तर पायातच की."

"पण गेलेलं नाही ना अजून."

आई उखळाशी बसली आणि शेंगदाणे कुटत विचार करू लागली. आईचे निर्णय कुटूनच निघायचे. चटणी झाल्यावर ती हात पुसत आली आणि म्हणाली, "पाय शिवला की चप्पल. पाय शिवला न्हाय तवर रबर. चालंल." मी आनंदानं खुंटीकडे गेले तर खुंटी रिकामी. बाबा ऑफिसला गेले होते. संध्याकाळी ते आले ते फार खुशीत. त्यांच्या जुन्या चपलेला नवे निळे पट्टे होते. "घरात कुणाचं तरी लक्ष हाय म्हणायचं माझ्याकडं," ते म्हणाले. त्यांना इतकं बरं वाटलं होतं की खरं सांगायचं धैर्य मलाही झालं नाही आणि आईलाही. पाय शिवले होते, विषय संपला. नवीन जोड आणून आईनं तो धुऊन, वर हळदीचं बोट लावून, मी ब्लेड घेऊन बसेपर्यंत स्वतःच्या कमरेला खोचून ठेवला.

पट्ट्याची टोकं मी कापून घेतली, मान तासून पंख्याच्या भोकात जाईल एवढी बारीक केली. पहिली दोन तुटली. मग हात बसला. चार निळी बटणं पत्र्याच्या बाहेर, पंखा आत, दोघांच्या मध्ये बोटभर रबर, कुठंही स्क्रू नाही. चुंबळी काढून टाकल्या होत्या. बटण दाबलं. मॉनिटर उजळला. आवाज आलाच नाही. म्हणजे श्वासाइतका येत होता, पण पत्रा गप्प होता, कडप्पा गप्प होता. मी भिंतीला हात लावला, तीही गार आणि गप्प. मामांनी पंजा ठेवून बघितला आणि "मेला," म्हणाले, आणि ही त्यांची शाबासकी होती.

हे परीक्षेच्या दोन दिवस आधीचं. क्लास त्या दोन दिवसांत बंद होता. बुवांनी भिंतींना चुना द्यायला घेतला होता. चुन्यानं माखलेले बुवा आले, त्यांनी आमच्या बाजूनं भिंतीला कान लावला, मग त्यांच्या बाजूनं लावला, मग परत आले. "हं," म्हणाले. मी विचारलं, "मग राहील ना हा?" "परीक्षा होऊ दे," बुवा म्हणाले. बाबाही तेच म्हणाले. तो फॉर्म अजून पिशवीतच होता.

परीक्षा शनिवारी दुपारी होती. बाबांचं ऑफिस अर्धा दिवस, त्यामुळे तेही घरी होते. संध्याकाळपर्यंत एक पत्रिका द्यायची म्हणून मी काम करत बसले होते, खांदे आवळून, कळसुद्धा हळू दाबत. उकाड्यानं त्याला त्रास नको म्हणून डब्याची एक बाजू उघडी ठेवली होती. पलीकडे लहान विद्यार्थी झाले, मुली झाल्या. मग तानपुरा लागला आणि हत्तुरेअण्णांचा खोकला ऐकू आला. त्यांनी सा लावला. तो डगमगला. पुन्हा लावला, तो खाली घसरला. तिसऱ्यांदा लावला, तो लागलाच नाही, नुसता वारा आला. आणि मग आमच्या मागच्या दारावर टकटक झाली.

बुवा उभे होते. धोतराचा सोगा हातात, चेहरा पांढराफटक. गेला, माझा कॉम्प्युटर गेला.

"परीक्षकांना चहा सांगायचं म्हणून उठलोय," ते कुजबुजले. "नंदा, ते बंद केलंयस का?"

"नाही बुवा. चालू आहे."

"मग ऐकू का येत नाही?"

मी पत्र्यावरच्या निळ्या बटणांकडे बोट केलं.

"अण्णा म्हणतोय भिंत मुकी झाली," बुवा म्हणाले. "सहा महिने भिंतीला पाठ लावून गातोय. तानपुरा त्याच्या कानात येत होता, हे पाठीत येत होतं. त्यावर टेकून उभा राहत होता तो. आता आपलाच आवाज ऐकू येतोय म्हणतोय, आणि घाबरून बसलाय. चालू कर."

"चालूच आहे बुवा."

"मग वाजव!"

"पण तुमचा तानपुरा..."

बुवांनी इकडेतिकडे बघितलं. "तोही मी ह्याच्यावरच लावत होतो असं दिसतंय," ते म्हणाले. "आज सकाळपासून लागेना." ज्या माणसानं कळशीचा कोमल गंधार ओळखला त्या माणसाला हे सांगताना काय वाटलं असेल, ते कळायचं माझं तेव्हा वय नव्हतं.

रबरं काढून स्क्रू बसवायला वेळ नव्हता, आणि स्क्रू होते कुठं? मी उघड्या बाजूनं हात घातला आणि पंख्याची चौकट अंगठ्यानं पत्र्यावर दाबून धरायला बघितली. "शॉक बसंल!" आई ओरडली, तेही कुजबुजत. पुढच्या क्षणी तिनं माझ्या हातात लाटणं दिलं. मी लाटण्याचं टोक चौकटीवर ठेवलं आणि सगळं वजन टाकलं. रबर दबलं, पंखा पत्र्याला भिडला, पत्रा जागा झाला. घूंऽऽऽ. कडप्पा थरथरला. भिंत बोलायला लागली, काळी एकच्या किंचित वर.

पलीकडे तानपुऱ्याच्या खुंट्या पिळल्याचा आवाज. मग हत्तुरेअण्णांचा सा. तो आला आणि बसला. इतका स्वच्छ सा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. भीमपलास सुरू झाला.

सांगायला हरकत नाही, हत्तुरेअण्णा त्या खेपेला पास झाले, आणि कित्येक वर्षं दर पाडव्याला आमच्याकडे पेढे आणून द्यायचे. पण त्या दुपारी मला फक्त माझा हात जाणवत होता. ख्याल लांबवायला गायकाला काय जातं? दहा मिनिटांत माझं मनगट भरून आलं आणि लाटणं सरकलं तसा सूरही डळमळला. आईनं मला खांद्यानं बाजूला केलं आणि लाटणं घेतलं. भाकरी थापून तिचे हात लोखंडाचे झाले होते, तिनं पंधरा मिनिटं हू की चू केलं नाही. पदरानं घाम टिपायला तिनं नुसतं तोंड पुढं केलं, मी टिपला. पण द्रुत लय सुरू झाली आणि तिच्याही दंडाला कंप सुटला. मी पुढं झाले तोवर बाबा उठले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि लाटणं आईच्या हातातून अलगद घेतलं, सूर न हलवता. खाली एक गुडघा टेकला. ज्या डब्यासाठी घर सोडणार नव्हते त्या डब्याला त्यांनी असं दाबून धरलं होतं की त्यांच्या कपाळाची शीर दिसत होती. गाणं भिंतीतून येत होतं, फरशीतून येत होतं, आणि बाबा पापणी न हलवता ऐकत होते. ते गाणं ऐकतात हे मला माहीतच नव्हतं.

संपलं. पलीकडे परीक्षकांचा काहीतरी बोलण्याचा आवाज आला आणि कुणीतरी हसलं. थोड्या वेळानं बुवा मागच्या दारातून आत आले. बाबा अजून तसेच बसले होते, लाटणं कॉम्प्युटरच्या पोटात. बुवांचे डोळे ओले होते. ते इतकंच म्हणाले, "सोडा आता, क्लार्कसाहेब. आता बंद केलंत तरी चालंल."

बाबांनी लाटणं बाहेर काढलं, मनगट चोळलं, माझ्याकडे एकदा बघितलं.

"बंद नको बुवा," ते म्हणाले. "तिचं काम राहिलंय."

मी घाईघाईनं पडद्याकडे वळले आणि पत्रिका पुढं टाइप करायला घेतली. मला एक अक्षर दिसत नव्हतं.